लॉटे ‘नको’ म्हणाली होती

काल रात्री एका मैत्रिणीने “बघच गं, रडशील” म्हणून गळ घातली म्हणून तो जर्मन सिनेमा बघितला. २०१०चा, नाव नुसतं ‘गटे!’, उद्गारचिन्हासकट. सकाळपासून डोकं फिरलंय.

गटे म्हणजे तोच, शाकुंतल डोक्यावर घेऊन नाचला असं आपल्याला शाळेत सांगायचे तो. १७७२ मध्ये वेट्झलारच्या न्यायालयात उमेदवारी करायला गेला, तिथे त्याला शार्लट बुफ, म्हणजे लॉटे, भेटली. एकोणीस वर्षांची. आई आदल्याच वर्षी गेलेली, धाकट्या भावंडांचं सगळं हिच्यावर. आणि लग्न केस्टनर नावाच्या माणसाशी ठरलेलं. गटे भेटायच्या आधीच ठरलेलं! हा उन्हाळाभर त्यांच्या घरी जात राहिला. शेवटी तिनं स्पष्ट सांगितलं की मैत्रीपलीकडे काही मिळायचं नाही. सप्टेंबरात स्वारी निरोप न घेता निघून गेली.

सिनेमात मात्र लॉटे मोकळी. पावसात भिजून प्रेम. केस्टनर गटेचा साहेब. घरासाठी ती बिचारी त्याला होकार देते, मग पिस्तुलांचं द्वंद्व, तुरुंग, आणि वर त्याचं पुस्तक छापायला तीच पाठवते. एवढ्या मोठ्या लेखकाला एका पोरीनं साधं ‘नको’ म्हटलं, हे कुणाला पचतच नाही का?

माझी मावशी. तिचीही आई लवकर गेली, माझ्या आईसकट चार भावंडं तिनं वाढवली. कॉलेजातल्या एका कवीला ती आवडायची. हिनं नाही म्हटलं. त्यानं कविता केली, वार्षिक अंकात छापली, त्यात ही दगडाच्या काळजाची. गावात सगळ्यांना कळलं कोण ते. पन्नास वर्षं झाली, अजून लग्नाकार्यात कुणीतरी काकांसमोर तो विषय काढतंच. काका हसतात. मला ते हसू बघवत नाही.

केस्टनरचं तेच झालं. याच सगळ्यावरून गटेनं लिहिलेली ‘वेर्थर’ कादंबरी १७७४ मध्ये आली आणि तो जगासाठी कादंबरीतला रुक्ष नवरा झाला. दुखावला बिचारा. बरं, त्यात शेवटी नायक करतो ती आत्महत्या गटेची नव्हेच, ती येरुसलेम नावाच्या ओळखीच्या तरुणाची. पिस्तुलं मात्र त्यानं केस्टनरकडूनच मागून नेली होती. हा खरा प्रसंग काय कमी होता?

असो. दिग्दर्शकाला सूट असते, मान्य. गटेनं तरी कादंबरीत कुठे खरं लिहिलं, लॉटेला दुसरीच्या डोळ्यांचा रंग दिला! आणि पावसात मीही रडले, खोटं कशाला बोलू.

पण १८१६ मध्ये ही बाई त्रेसष्टाव्या वर्षी वायमारला गेली, गटेकडे जेवली, त्यावरही पुढे एक मोठी कादंबरी झालीच. म्हातारपणीसुद्धा सुटका नाही.

दुपारी मावशीला फोन करून सगळं सांगितलं. पाऊसही सांगितला. गटेबद्दल तिनं चकार शब्द विचारला नाही.

“नवरा बरा होता ना गं तिचा?”

“बारा मुलं झाली, मावशी.”

“अगं बाई! आणि ती भावंडं? ही लग्न करून गेल्यावर त्यांच्याकडे कोण बघायचं?”