“हर्बल आहे, घेऊन बघ” म्हणायच्या आधी

तो सेल्युलाइटवाला मेसेज परत फिरायला लागलाय. या वेळी तो माझ्या मावशीपर्यंत पोचला आणि तिने मला विचारलं, “घेऊ का गं या कॅप्सूल, हर्बल आहेत”, म्हणून हे लिहितेय, नाहीतर असल्या गोष्टींवर टाईप करत बसायची मला हौस नाही. मावशीच्या पायात मागे रक्ताची गुठळी झाली होती, तेव्हापासून ती वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ज्यांना मेसेज आला नसेल (नशीबवान आहात) त्यांच्यासाठी थोडक्यात. मांड्यांवर आणि कुल्ल्यांवर खड्डे पडल्यासारखी दिसणारी त्वचा, म्हणजेच सेल्युलाइट, ही म्हणे शरीरात साठलेली विषद्रव्यं. गिंको आणि स्वीट क्लोव्हर या वनस्पती, समुद्री शेवाळ आणि द्राक्षबिया यांचा अर्क असलेल्या कॅप्सूल आठ आठवडे घ्या, विषद्रव्यं बाहेर, रक्ताभिसरण सुरळीत, चरबी गायब, त्वचा गुळगुळीत. परदेशात सिद्ध झालंय. सगळं नैसर्गिक, साइड इफेक्ट शून्य, चालू औषधांबरोबर बिनधास्त घ्या. शेवटी आधीचा फोटो, नंतरचा फोटो, आणि दहा मैत्रिणींना पाठवा.

विषद्रव्यांचं आधी उरकते. कुठलं विषद्रव्य? नाव सांगा एक. सेल्युलाइटमध्ये असते ती साधी, नेहमीची चरबी. त्वचेखालून आतल्या थरापर्यंत तंतूंचे पट्टे गेलेले असतात, बायकांमध्ये ते बरेचसे उभे असतात, ते त्वचेला खाली खेचून धरतात आणि मधली चरबी वर फुगते. गादीला टाके घातल्यावर दिसते ना, तसं. पुरुषांमध्ये हे तंतू जास्त आडवेतिडवे जाळीसारखे असतात आणि त्वचाही जाड असते, म्हणून त्यांच्यात हे क्वचित दिसतं. आता विषद्रव्यं हेच कारण असेल तर पुरुषांच्या शरीरात ती साठतच नाहीत का? वयात आल्यानंतर ८० ते ९० टक्के बायकांमध्ये कमी-जास्त प्रमाणात सेल्युलाइट असतं, बारीक बायकांमध्येसुद्धा. दहातल्या आठ-नऊ जणींना असलेली गोष्ट आजार कशी काय होते, हे मला कोणीतरी समजावून सांगा. आणि गिळलेली कॅप्सूल पोटातून रक्तात जाऊन नेमके मांडीतलेच तंतू शोधून सैल करणार, हेही.

“परदेशात सिद्ध झालंय”. हे वाचून तर मी कपाळावर हात मारला, कारण मेसेजमधली घटकांची यादी मला ओळखीची वाटली. सेलासीन नावाची इटलीतून आलेली कॅप्सूल होती, १९९९ मध्ये अमेरिकेत तिचा प्रचंड गाजावाजा झाला. त्यात हेच सगळं, गिंको, स्वीट क्लोव्हर, शेवाळ, द्राक्षबिया, वर इव्हनिंग प्रिमरोझचं तेल, आणि दावाही तोच, आठ आठवडे. त्याच वर्षी लंडनच्या साउथ बँक विद्यापीठातून एक छोटी पण नीट केलेली चाचणी प्रसिद्ध झाली, काही बायकांना खरी कॅप्सूल, काहींना खोटी, दोन महिने. सेल्युलाइटमध्ये काही फरक नाही. उलट खरी कॅप्सूल घेणाऱ्या काही जणींचं वजन वाढलं! पुढे २००० मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांची फसवणूक रोखणारी सरकारी संस्था) ती विकणाऱ्या रेक्सॉल सनडाउन कंपनीला कोर्टात खेचलं, दाव्यांना पुरेसा आधार नाही म्हणून, आणि २००३ मध्ये ग्राहकांना पैसे परत देण्यासाठी १ कोटी २० लाख डॉलरपर्यंतच्या रकमेवर तडजोड झाली. म्हणजे परदेशात जे काही सिद्ध झालं ते हे आहे. इतक्या वर्षांनी तीच यादी नवीन शोध म्हणून फॉरवर्ड होतेय.

आता ज्या वाक्यामुळे माझं डोकं फिरलं ते. “नैसर्गिक आहे, चालू औषधांबरोबर बिनधास्त घ्या.”

स्वीट क्लोव्हर म्हणजे गुरांचा चारा. १९२० च्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागात गुरं अचानक रक्तस्राव होऊन मरायला लागली, शिंगं कापण्यासारख्या साध्या कारणानेही रक्त थांबेना. नंतर कळलं की बुरशी लागलेला स्वीट क्लोव्हर खाऊन हे होतंय. या झाडात कुमारिन असतं, बुरशीमुळे त्याचं डायकुमारॉल होतं आणि ते रक्त गोठू देत नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल लिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते वेगळं काढलं, त्याच कामातून पुढे वॉरफरिन तयार झालं, जे १९४८ मध्ये आधी उंदीर मारायला बाजारात आलं आणि मग माणसांसाठी औषध म्हणून. हो, तेच वॉरफरिन जे मावशी रोज घेते, नियमित रक्त तपासून, डोस अगदी मोजूनमापून.

ताज्या, चांगल्या झाडात डायकुमारॉल नसतं, हे मान्य. पण कुमारिन असतंच, ते काही लोकांच्या लिव्हरला त्रास देतं, आणि कॅप्सूलमधला अर्क कसा सुकवला, कसा साठवला हे तुम्हाला कोण सांगणार? वर त्याच कॅप्सूलमध्ये गिंको, ज्याच्याबद्दल रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर घेऊ नका असा इशारा डॉक्टर देतातच, अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांनाही देतात. म्हणजे वॉरफरिन, त्यावर गिंको, त्यावर स्वीट क्लोव्हर, आणि हा मेसेज म्हणतो बिनधास्त. मेसेज लिहिणारा रात्री दोन वाजता नाकातून रक्त थांबत नाही म्हणून मावशीला दवाखान्यात न्यायला येणार आहे का?

शेवाळाचंही तसंच. ब्लॅडररॅक नावाच्या त्या शेवाळात आयोडीन असतं, किती ते प्रत्येक वेळी वेगळं. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण १५० मायक्रोग्रॅम पुरतं, त्यापेक्षा खूप जास्त गेलं तर थायरॉइड बिघडतो, कोणाचा वाढतो, कोणाचा कमी होतो. थायरॉइडची गोळी घेणाऱ्या बायका काय कमी आहेत? मेसेजमध्ये त्यांच्यासाठी अक्षर नाही.

दुसऱ्या एका व्हर्जनमध्ये ग्रीन टीचा अर्क घातलाय, “चहाच तर आहे” म्हणून. चहा वेगळा, अर्क वेगळा. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलंय की सप्लिमेंटमधून ईजीसीजी हा घटक दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त गेला तर लिव्हरला इजा होत असल्याच्या खुणा रक्तात दिसायला लागतात.

रक्ताभिसरणाच्या मुद्द्यात अर्धा खरेपणा आहे, नाईलाजाने कबूल करते. हॉर्स चेस्टनटच्या बियांच्या अर्काने शिरांच्या आजारातली पायांची सूज आणि दुखणं थोडे दिवस तरी कमी होतं, याला बऱ्यापैकी पुरावा आहे. पण सूज वेगळी, सेल्युलाइट वेगळं, आणि हॉर्स चेस्टनट मेसेजच्या यादीत नाहीये. कोलॅजन पेप्टाइडच्या (त्वचेत असतं त्या प्रथिनाचे बारीक तुकडे) एका चाचणीत सहा महिन्यांनी थोडा फरक दिसला होता, पण ते प्राण्यांपासून काढतात, त्यामुळे हर्बलवाल्यांनी त्याचं श्रेय घेऊ नये. वजन जास्त असेल तर ते कमी केल्यावर काहींचे खड्डे कमी दिसतात, काहींची त्वचा सैल पडून जास्त दिसतात. खरोखर त्या तंतूंवर काम करणारं इंजेक्शन अमेरिकेत २०२० मध्ये मंजूर झालं होतं, त्यानेही इतके काळेनिळे डाग पडायचे की दोन-अडीच वर्षांत कंपनीने ते बंद केलं. सुई टोचून थेट जागेवर औषध घालून ही गत, आणि तुम्ही कॅप्सूल गिळून काय मागताय?

फोटोंबद्दल फार बोलत नाही. वरून कडक उजेड पडला की प्रत्येक खड्ड्याची सावली दिसते, समोरून मऊ उजेड टाकला की गायब. मेसेजमधले दोन फोटो बाजूबाजूला ठेवून सावल्या कुठे पडल्यात तेवढं बघा.

मावशीला मी नाही म्हणून सांगितलं, ती थोडी रुसली. तुमच्या घरी कोणी आधीच सुरू केलं असेल तर डबी फेकू नका, ती घेऊन त्यांच्या डॉक्टरकडे जा आणि लेबल दाखवा. बऱ्याचदा तिथे नुसतं “विशेष मिश्रण” लिहून एकच आकडा दिलेला असतो, कुठला घटक किती ते नाहीच, तर तेही दाखवा. आणि डोळे पिवळे, लघवी गडद, हिरड्यांतून रक्त किंवा उगाच निळे डाग असलं काही दिसलं तर कॅप्सूल तिथेच थांबवून त्याच दिवशी जा, आठ आठवडे पूर्ण व्हायची वाट बघू नका.