बारा पोरं आणायची कुठून?

मास्तरचा प्रश्न साधा होता, पण ठाण्यातल्या तलावपाळीच्या कट्ट्यावर त्यावरून आवाज चढले. त्याची शाळा कळव्यात, मराठी माध्यमाची, दरवर्षी पट घसरत चाललेली. शालेय कबड्डीच्या 17 वर्षांखालील गटाची प्रवेशिका भरायची आहे. नववी-दहावीत मिळून धड खेळणारी पोरं पाच. आठवीतली दोन घेतली तर सात. मैदानात सातच उतरतात हे खरं, पण एखाद्याचा घोटा मुरगळला तर बदलीला कोण? बाराच्या संघात राखीव म्हणून तरी सातवीतली दोन पोरं घ्यावीत का? त्यातला एक फार चपळ आहे. वजन 34 किलो.

"घे की! विचारतोस काय?" अण्णा म्हणाले.

अण्णा वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीच्या संघातून उजव्या कोपऱ्यावर खेळलेले. त्यांचं म्हणणं, पकड शिकायची तर मोठ्यांच्या अंगाखालीच जावं लागतं. बरोबरीच्या पोरांत खेळून बरोबरीचंच येतं. आणि त्यांचा मुद्दा हलका नाही. मोठ्या शाळेत सातवीतलं पोर वर्षभर 14 वर्षांखालच्या गटातल्या राखीव खेळाडूंत बसून राहतं. छोट्या शाळेत त्याला दहावीतल्या चढाईपटूसमोर रोज उभं राहायला मिळतं. छोट्या शाळेजवळ दुसरं असतं तरी काय?

"अण्णा, तुम्हाला गल्लीत धरणारा तुमचा शेजारी होता, तो जपून धरायचा," डॉक्टर म्हणाला. तो फिजिओथेरपिस्ट आहे, आम्ही सगळे डॉक्टरच म्हणतो. "स्पर्धेत समोरचा जपत नाही. त्यानं का जपावं?"

मग त्यानं पम्याला पाय पुढे करायला लावला आणि घोट्याच्या जरा वर, नडगीच्या हाडावर दोन बोटं ठेवली. "इथं वाढीची कूर्चा असते. हाड लांब होतं ते इथून. वाढत्या वयात ही जागा सांध्याच्या अस्थिबंधांपेक्षाही नाजूक. मोठ्या माणसाचा पाय जिथं लचकून सुटतो, तिथं पोराचं हाड या जागी दुखावू शकतं. आता कोपऱ्यावरून घोटा धरायला हे पोर खाली वाकलं, आणि दीडपट वजनाचा गडी त्याच्या पायावर आडवा पडला, तर?" बोटं तशीच ठेवून त्यानं सगळ्यांकडे पाहिलं. शालेय कबड्डीत वजनाची अट आहे, पण ती वरची. अमुक किलोपेक्षा जास्त नको. अमुक किलोपेक्षा कमी नको, असं कुणी म्हणत नाही.

वयाचंही तेच. 14, 17 आणि 19 वर्षांखालील असे गट. 31 डिसेंबरला वय किती, जन्मदाखला कुठे, मुख्याध्यापकांची सही आहे का, हे सगळं तपासतात ते वय चोरून खाली घुसणाऱ्याला अडवायला. क्रिकेट मंडळ तर 16 वर्षांखालच्या मुलांच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडाचं वय बघतं. ही तपासणी हवीच. पण खालून वर चढवलेल्या पोराचं काय? त्याचं वय कागदावर निर्दोष आहे, म्हणून त्याच्याकडे कुणी दुसऱ्यांदा बघतच नाही.

पम्यानं तेंडुलकर काढला. 1989 मध्ये 16 वर्षांचा पोरगा पाकिस्तानात वेगवान गोलंदाजांसमोर उभा राहिलाच ना? उभा राहिला, पण त्याला धावांनी तिथवर नेलं होतं, अकरा भरत नव्हते म्हणून नाही. आणि त्याच क्रिकेटमध्ये आयसीसीनं 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी किमान वय 15 ठरवलं. त्याहून लहान खेळाडू उतरवायचा तर मंडळानं खास परवानगी मागायची, त्या मुलाचा अनुभव आणि मनाची तयारी दाखवायची.

"हेच, अगदी हेच माझ्या भाचीच्या शाळेत," सुली मधेच म्हणाली. तिची बहीण न्यूयॉर्क राज्यात राहते. तिकडे हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी. सातवी-आठवीतल्या मुलाला हायस्कूलच्या संघात खेळायचं असेल तर त्या राज्यात ठरलेली पद्धत आहे. आधी पालकांची लेखी संमती. मग डॉक्टर शरीराची वाढ कुठवर आली ते तपासतात, म्हणजे वयात येण्याच्या कुठल्या टप्प्यावर मूल आहे ते. मग प्रशिक्षकाचं कौशल्याबद्दलचं मत, मग धावणं वगैरे क्षमतेच्या चाचण्या. यातून पार पडलं तरच निवड चाचणीला उभं राहायचं. आणि सुलीनं जे शेवटी सांगितलं त्यानं मास्तर एकदम गप्प झाला: संघातल्या रिकाम्या जागा भरायला ही पद्धत वापरायची नाही, असं त्या नियमांतच लिहिलंय.

"म्हणजे माझ्यासारख्यानं संघच काढायचा नाही?" थोड्या वेळानं तो म्हणाला. "दहावीतल्या तीन पोरांचं हे शेवटचं वर्ष. सहा वर्षं माझ्याकडे खेळली. स्पर्धेत उतरलीच नाहीत तर पुढच्या स्तरावर जाणार कशी, आणि दहावीच्या निकालात मिळणारे क्रीडागुण तरी कुठले? सातवीतल्या पोराला जपायचं म्हणून या तिघांना घरी बसवू?"

याला उत्तर देणं सोपं नव्हतं. अण्णांनी मास्तरच्या पाठीवर हात ठेवला. डॉक्टरही काही बोलला नाही.

मला स्वतःला डॉक्टरचं पटतं, पूर्ण पटतं. बारा-तेरा वर्षांची दोन मुलं शेजारी उभी केली तर एकाला मिसरूड फुटलेलं असतं आणि दुसरा अजून चौथीतला वाटतो. मुलांची उंची सगळ्यात झपाट्यानं वाढते ती चौदाच्या आसपास, मुलींची बाराच्या. म्हणून "सातवीतला चालेल" किंवा "सातवीतला चालणार नाही" असा सरसकट नियम मला दोन्ही बाजूंनी चुकीचा वाटतो. मास्तरकडचं दुसरं पोर अंगानं भरलेलं आहे, त्याला घ्यायला माझी हरकत नाही. 34 किलोवाल्याला मी कबड्डीत उतरवणार नाही. त्याला खो-खो खेळवा. तिथं अंगावर सहसा कुणी पडत नाही, आणि पाटीवर बसलेल्यांच्या मधून सुटायला अंगकाठी लहान असली तर फायदाच.

पण ही पारख करायची कुणी? मास्तर गणित शिकवतो. क्रीडाशिक्षक त्याच्या शाळेला नाहीच. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला आरोग्य आणि शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिकवणारा, ठेवायचा तो शंभराहून जास्त मुलं असतील तर. म्हणजे ज्या शाळेत पोरं कमी, तिथंच लहान पोरं वरच्या गटात जाणार, आणि तिथंच त्यांच्याकडे बघायला जाणकार माणूस नाही. हे मला फार लागतं. जिल्हा क्रीडा कार्यालयानं प्रवेशिकेसोबत एक कागद वाढवावा: वरच्या गटात खेळणाऱ्या प्रत्येक लहान मुलासाठी पालकांची संमती आणि सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरची तपासणी. खर्च काही फार नाही.

दुसरी गोष्ट सुलीकडूनच आली. अमेरिकेत जवळजवळच्या दोन छोट्या शाळा रीतसर परवानगी घेऊन एकच संघ काढू शकतात. मास्तरच्या शाळेपासून चालत दहा मिनिटांवर तशीच दुसरी शाळा आहे, तिथंही नववी-दहावीतली पाच-सहा पोरं कबड्डी खेळतात. दोन्हीकडची मिळून दहा-अकरा मोठी पोरं होतात. सातवीला हात लावायची गरजच उरत नाही. आपल्याकडे खेळाडू ज्या शाळेच्या पटावर असेल त्याच शाळेकडून खेळतो, तेवढा नियम छोट्या शाळांपुरता सैल करावा. निदान मनपा स्तरापुरता तरी करून बघावा. चांगली पोरं पळवून जोडसंघ बांधतील ही भीती खरी आहे. म्हणून पटाची मर्यादा घालावी आणि कुठल्या दोन शाळा, ते वर्षाच्या सुरुवातीलाच नोंदवून घ्यावं.

"आणि ढाल कुठल्या मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये ठेवायची?" पम्यानं विचारलं. प्रश्न खरंच अडचणीचा आहे. प्रमाणपत्रावर शाळेचं नाव लागतं, क्रीडागुणांचा प्रस्तावही शाळेमार्फतच जातो.

"दोन्ही नावं लिहायची, त्यात काय!" अण्णा म्हणाले. "ढाल सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे."

मास्तरनं खिशातून प्रवेशिका काढली. बारापैकी आठच नावं भरलेली होती, त्यात सातवीतलं एकच. आठवड्याभरात ती जमा करायची आहे, तोवर नियम काही बदलत नाही. तरी अर्ज करायचं ठरलंय. मजकूर सुली लिहिणार, डॉक्टर त्याला वाढीच्या कूर्चेबद्दल एक पान जोडणार, आणि पलीकडच्या शाळेतल्या सरांना मास्तर उद्या मधल्या सुट्टीत भेटणार आहे.