भिंतीवरचं बेट

आमच्या हॉलच्या भिंतीवर एक बेट आहे. आधी ते तळहाताएवढं होतं. कडा उंदराने कुरतडल्यासारख्या आणि एका बाजूला शेपटीसारखं टोक. गेल्या सणाला मी तिथे डबल साइड टेपने एक कागदी फूल चिकटवलं होतं. टेपच्या वेष्टनावर 'भिंतीला अजिबात इजा नाही' असं ठळक अक्षरांत छापलेलं होतं. सण संपल्यावर मी फूल ओढलं. फूल आलं, फुलाबरोबर टेप आली, टेपबरोबर रंग आला आणि रंगाबरोबर पुट्टीचा पापुद्रा आला. या सगळ्यात इजा झाली नाही ती फक्त टेपला.

अशी टेप काढण्याची एक रीत असते, हे मला नंतर कळलं. हेअर ड्रायरने तिला जरा ऊब द्यायची, मग भिंतीला लगटून, अगदी सावकाश ओढायची. मी ती थंड असताना, काटकोनात आणि रागात ओढली होती.

मग मी ते बेट रंगवायला निघाले. पापुद्रा पाकिटात घालून, पोलीस पुरावा नेतात तसा रंगाच्या दुकानात नेला. दुकानदाराने तो ट्यूबलाइटखाली धरला, यंत्राला दाखवला, थेंब थेंब मोजून रंग मिसळला आणि झाकणावर एक ठिपका लावून म्हणाला, "बघा, फरक सापडतोय का." नव्हता सापडत. घरी येऊन लावला, तर दिवसा तो एक वेळ डोळे बारीक केल्यावर खपून गेला असता, पण संध्याकाळी दिवा लागला की भिंत पिवळसर आणि बेट गुलाबीसर. याला मेटामेरिझम म्हणतात म्हणे. दोन रंग वेगवेगळ्या रंगद्रव्यांपासून बनलेले असले, की एका उजेडात जुळे दिसतात आणि उजेड बदलला की सावत्र. त्यात मी 'कडा नीट मिसळाव्यात' म्हणून ब्रश जरा ऐसपैस फिरवलेला. तळहाताएवढं बेट परातीएवढं झालं.

लोक सण आला म्हणून घर सजवतात. आम्ही गेल्या सणाची पापं झाकायला सजवतो. म्हणून या वर्षी मी जाहीर केलं, "विकतचं काही आणायचं नाही. सगळं घरी करायचं. रंगीत, आणि प्रत्येकाचा पर्सनल टच हवा." यातलं 'प्रत्येकाचा' हे बोलताना जीभ का नाही अडखळली, याचा मी अजून शोध घेते आहे.

घरात आम्ही पाच जण, आणि आमची रंगांची भाषासुद्धा एक नाही. सासूबाईंचे रंग म्हणजे अबोली, चिंतामणी, केतकी, मोरपंखी, गुलबक्षी. त्यांच्याकडे नुसता हिरवा असा रंगच नाही. पोपटी आहे, शेवाळी आहे, मेंदी आहे. लेक कॉलेजात जाते, तिचे रंग सेज ग्रीन, डस्टी रोज आणि ऑफ व्हाइट. त्या दोघींची अर्धा तास जुंपली आणि शेवटी लक्षात आलं, की दोघी एकाच रंगाच्या बाजूने भांडत होत्या. नवरा रंग ओळखतो ते फक्त वायरींचे. पडद्यासाठी कापड दाखवलं तर म्हणाला, "हा अर्थिंगचा आहे ना? चांगला आहे." आठ वर्षांच्या चिरंजिवांचा आवडता रंग चमकी. तो रंग नाही, हे त्याला आजवर कुणीही पटवून देऊ शकलेलं नाही.

चमकीबद्दल बोलायला सुरुवात केली तर हा लेख तिथेच संपेल, म्हणून थोडक्यात सांगते. प्लॅस्टिकच्या पातळ चकचकीत फिल्मचे बारीक तुकडे केले की चमकी होते, आणि ती कधीही, कशानेही, कुठूनही पूर्ण निघत नाही. युरोपीय संघाने २०२३च्या ऑक्टोबरपासून सुट्या प्लॅस्टिक चमकीच्या विक्रीवर बंधनं आणली, ती सूक्ष्म प्लॅस्टिकच्या प्रदूषणापायी. ज्यांनी ती आणली त्यांच्या घरात आठ वर्षांचा मुलगा असणार, अशी माझी खात्री आहे. आमच्या चिरंजिवांनी पुठ्ठ्याच्या पाच चांदण्या केल्या. त्यासाठी दोन डब्या चमकी लागली. पैकी अंदाजे चमचाभर चांदण्यांवर आहे. उरलेली नवऱ्याच्या भुवईत आहे. तो तशाच अवस्थेत ऑफिसच्या मीटिंगला बसून आला आणि म्हणाला, "आज सगळे माझ्याकडे फार लक्ष देऊन ऐकत होते."

सासूबाईंचा पर्सनल टच म्हणजे क्रोशाचे रुमाल. त्यांच्या ट्रंकेत असे एकवीस आहेत, सगळे मोतिया रंगाचे, आणि प्रत्येकाला विणतानाची हकीकत आहे. लेकीने टेबलावर तिचं ते सेज ग्रीन कापड अंथरलं, त्यावर आईंनी रुमाल ठेवला, आणि दोन पावलं मागे सरकून त्या गप्प झाल्या. आमच्या घरात त्या गप्प होणं ही भूकंपाची पूर्वसूचना असते.

"हा गुलाबी कसा झाला?"

"आई, तो तसाच आहे."

"तसाच कसा असेल? लाल कपड्यात धुतलास का?"

मी रुमाल उचलला. हातात मोतिया. खाली ठेवला. गुलाबी. पुन्हा उचलला, मोतिया. पाच-सहा वेळा हा खेळ झाल्यावर लेकीने मोबाइलमध्ये डोकं घातलं आणि आमचं भांडण दोनशे वर्षं जुनं असल्याचं निष्पन्न झालं. पॅरिसमध्ये गोबेलँ नावाच्या विणकामाच्या कारखान्यात मिशेल शेव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ रंगाई विभागाचा प्रमुख होता. काळ्या धाग्याचा रंग नीट बसत नाही, फिका वाटतो, अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने तपासलं तर रंगात खोट काहीच नव्हती. काळ्याच्या शेजारी जे निळे-जांभळे धागे विणले जात होते, त्यांच्यामुळे तो तसा दिसत होता. पुढे १८३९ साली त्याने यावर भलामोठा ग्रंथ छापला. शेजारी हिरवं असलं की फिक्या रंगावर लालसर झाक दिसते, ती याच नियमाने. म्हणजे तक्रार रंगाची नव्हती, शेजाऱ्यांची होती.

आईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे चूक तिच्या कापडाची," त्या म्हणाल्या. कापड बदललं.

आता माळा. दिव्यांच्या माळा मागच्या वर्षी मी स्वतः नीट गुंडाळून खोक्यात ठेवल्या होत्या. शपथेवर सांगते. वर्षभर त्या खोक्याला कुणी हात लावला नव्हता. उघडलं तर आत एक घरटं होतं. मी घरातल्या प्रत्येकाकडे आळीपाळीने संशयाने पाहिलं, तेव्हा नवऱ्याचा चेहरा उजळला. त्याच्या आयुष्यात असे क्षण कमी येतात.

"यावर प्रयोग झालाय," तो म्हणाला.

आणि खरंच झालाय. डग्लस स्मिथ आणि डोरियन रेमर या कॅलिफोर्नियातल्या दोघांनी खोक्यात दोरी टाकून ते खोकं यंत्राने गरागरा फिरवलं, एकदा-दोनदा नव्हे, ३,४१५ वेळा. काही सेकंदांत दोरीला गाठी बसत होत्या, आणि त्याही गणितज्ञांनी नावानिशी नोंदवलेल्या, १२० निरनिराळ्या प्रकारच्या. २००७ साली निबंध छापून आला आणि पुढच्या वर्षी त्यांना इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस. दोरी साधारण ४६ सेंटिमीटरपेक्षा आखूड असली तर त्यांच्या प्रयोगात गाठ बसत नव्हती. "आपली माळ दहा मीटरची आहे," नवरा समाधानाने म्हणाला आणि ते घरटं माझ्या मांडीवर ठेवून चहा टाकायला गेला.

सोडवायला पावणेदोन तास लागले. माळेचं टोक शोधून सुरुवात करावी, असं म्हणतात. आमच्या घरट्याला टोकं चार होती आणि माळा तीन. हा हिशोब मला आजही लागलेला नाही. सगळ्यात आतली गाठ मी दातांनी सोडवली. त्या वेळी नेमका चिरंजिवांनी फोटो काढला. तो फोटो पुढे येणार आहे.

सुटलेल्या माळेचं बटण दाबलं, तर अंधार. ही आईंच्या काळातली माळ, छोट्या छोट्या बल्बांची, एकसर जोडणीतली. एक बल्ब गेला की सगळ्यांनी त्याच्या दुःखात सामील व्हायचं, हा तिचा स्वभाव. नवऱ्याने प्लग काढून एकेक बल्ब हलवत, उपटत, बदलत सबंध माळ पालथी घातली आणि सदतिसाव्याला गुन्हेगार सापडला. एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने १८८२ साली न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरी नाताळच्या झाडावर लाल, पांढरे आणि निळे असे ८० विजेचे दिवे लावले होते. ही हौस जगात तिथून सुरू झाली. दुसऱ्या वर्षी त्या वायरी बाहेर काढताना जॉन्सनच्या घरात कोण कोणाला काय म्हणालं असेल, याची कल्पना मी आता बसल्या जागी करू शकते.

उरलेल्या दोन माळा नव्या, एलईडीच्या. एक लागली ती लोण्यासारखी पिवळसर, दुसरी शस्त्रक्रियेच्या खोलीसारखी पांढरी फटक. वेष्टनं एकाच कंपनीची, फक्त एकावर २७०० केल्विन आणि दुसरीवर ६५०० केल्विन. मला वाटलं आकडा जास्त म्हणजे ऊब जास्त. ते बरोबर उलटं असतं. आकडा वाढेल तसा उजेड थंड दिसत जातो. मी ती थंड माळ बेटाच्या बाजूला लावली, आणि गंमत म्हणजे तिच्या उजेडात बेट जवळजवळ दिसेनासं झालं. दुकानातल्या ट्यूबलाइटशी तिचं गोत्र जुळत असावं. घरातले बाकी सगळे मात्र त्या उजेडात आजारी दिसत होते. आईंनी मला जवळ बोलावून कपाळाला हात लावून पाहिला. माळ काढावी लागली.

तेव्हा राहिले फोटो. घरातल्या सगळ्यांचे जुने-नवे फोटो दोरीला छोट्या लाकडी चिमट्यांनी अडकवायचे, म्हणजे सजावट झाली, पर्सनल टच झाला आणि बेटही झाकलं गेलं. कल्पना माझीच, आणि चांगली होती. अडचण निवडीची. प्रत्येकाला जो फोटो हवा होता त्यात तो स्वतः छान दिसत होता आणि इतर कुणीतरी जांभई देत होतं. नकाराधिकार सगळ्यांना असल्यामुळे दीडशे फोटोंतून नऊ वाचले. हे नऊ म्हणजे ज्यांत सगळे सारखेच वाईट दिसतात ते. शिवाय दहावा, दातांनी गाठ सोडवणारी मी. त्याला चार विरुद्ध एक मतांनी मंजुरी मिळाली.

एक बारीक अडचण राहिलीच. बेट आहे स्विचबोर्डच्या खाली, कमरेच्याही खाली. मागच्या वर्षी फूल तिथे का लावलं होतं? कारण त्याच्या मागच्या वर्षी तिथे खिळा ठोकताना पडलेलं भोक झाकायचं होतं. तेव्हा आमच्या आयुष्यातले महत्त्वाचे क्षण जमिनीपासून अडीच फुटांवर लटकले. मधोमध, नेमका परातीच्या आकाराच्या जागेवर, सगळ्यात मोठा फोटो. मी.

सणाच्या दिवशी पाहुणे आले. हॉलमध्ये एका बाजूला दिवे, एका बाजूला पाच टकल्या चांदण्या, टेबलावर योग्य शेजार मिळालेला मोतिया रुमाल. खरं सांगते, छान दिसत होतं घर. रंगसंगतीचं जे काही शास्त्र असेल त्यात बसत नव्हतं, पण छान दिसत होतं. पाहुणे एकेक करून फोटोंपाशी वाकत होते. आमच्या घरात इतक्या आदराने आजवर कुणी वाकलं नव्हतं.

नवऱ्याच्या आत्या शेवटी आल्या. त्यांना वाकवत नाही, म्हणून त्यांनी खुर्ची ओढून घेतली, चष्मा लावला आणि माझा फोटो नीट बघायला म्हणून चिमट्यासकट उचलला.

"छान गं," त्या म्हणाल्या. मग त्या जरा थांबल्या. "पण इथला रंग गेलाय वाटतं?"

सगळे पाहुणे पुन्हा वाकले.

परवा सजावट उतरवली. मी यंदा हेअर ड्रायर घेऊनच बसले होते. ऊब दिली, भिंतीला लगटून, श्वास रोखून, नखाएवढं नखाएवढं ओढत दोरीचं एक टोक सोडवलं. एक कणही निघाला नाही. दुसरं टोकही तसंच. नवऱ्याला हाक मारून दाखवलं. तेवढ्यात मागून फर्र असा आवाज झाला. चिरंजीव आईला मदत म्हणून चांदण्या काढत होते. पाचही काढून झाल्या होत्या.

त्याने वळून भिंतीकडे कौतुकाने पाहिलं. शाळेत भूगोल नुकताच सुरू झालाय. "आई, आता हा द्वीपसमूह झाला," तो म्हणाला.

माळा मी या वेळी पुठ्ठ्याला गुंडाळून ठेवल्यात. फोटो मात्र पुढच्या वर्षी जास्त लागतील.