वर बघाल तर पडाल

निसर्गरम्य ठिकाणी पायी जाणाऱ्याला निसर्ग दिसतो, ही अफवा गाडीतून न उतरणाऱ्यांनी पसरवलेली असावी. अमेरिकेत युटा राज्यात झायन नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे व्हर्जिन नदीने वालुकाश्म कापत कापत एक घळ केली आहे, ‘नॅरोज’. दोन्ही बाजूंना 1000 फुटांपर्यंत सरळसोट चढलेले तांबडे कडे आणि मधली फट काही ठिकाणी जेमतेम 20-30 फुटांची. तिथे सबंध दिवस घालवून मी काय पाहिलं, तर माझे घोटे. तेही गढूळ पाण्यातून, अंदाजाने.

कारण नॅरोजमध्ये वाट अशी नाहीच. नदीतूनच चालायचं.

हे साडूभाऊंनी आधी सांगितलं नव्हतं. “नदीच्या कडेकडेने रमतगमत जायचं हो,” एवढंच म्हणाले होते. सुरुवात तशी होतेही. शटल बसच्या शेवटच्या थांब्यापासून दीडेक किलोमीटर छान बांधलेली, सपाट वाट आहे. कड्यातून पाणी पाझरत असतं आणि त्या ओलीवर हंसराज लोंबत असतो. वरच्या पठारावर पडलेलं पाणी वालुकाश्मात मुरतं, झिरपत झिरपत खालच्या घट्ट थराशी अडतं, आणि मग आडवं वळून कड्यातून बाहेर पडतं. या प्रवासाला त्याला हजारएक वर्षं लागतात म्हणे. मला ते पाणी फार समंजस वाटलं. अर्थात, त्याच्या मागे साडूभाऊ नव्हते.

‘खारींना खायला घालू नका, चावतात’ अशा पाट्या जागोजागी होत्या, आणि पाटीखालीच खारी लोकांच्या पिशव्यांची झडती घेत होत्या.

मग ती वाट संपते आणि पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. एक आशा मी सकाळपासून धरून होतो. धरणाच्या बातम्यांमुळे आपल्याला क्यूसेक हे माप पाठ असतं. तर या नदीचा प्रवाह 150 क्यूसेकच्या वर गेला की उद्यानवाले नॅरोज बंद ठेवतात. आकडा निघाला पन्नाशीच्या आसपास. सगळ्यांचे चेहरे खुलले. मी भाड्याने आणलेल्या बुटांच्या नाड्या पुन्हा एकदा, सावकाश, बांधल्या.

नदीच्या तळाचे दगड म्हणजे साबण लावलेले नारळ. त्यासाठी छातीइतकी उंच लाकडी काठी देतात. ती हातात आली की ऋषिमुनी झाल्यासारखं वाटतं, पण पाण्यात घालेपर्यंतच. ती प्रवाहात रोवली की वरच्या टोकापर्यंत थरथरते आणि ती थरथर थेट दातांत येते. मग उजवा पाय चाचपडत पुढे, दगड हलतो का ते बघायचं, हलला तर दुसरा शोधायचा, मग डावा, मग काठी. तिघांपैकी दोघे जमिनीवर असल्याशिवाय तिसऱ्याने हलायचं नाही. सरकारं चालतात तीही याच तत्त्वावर, पण त्यांना पाणी इतकं गार लागत नसावं.

“अहो, वर बघा ना! केवढं सुंदर!” ही वाळूच्या एका पट्ट्यावर उभी राहून म्हणाली. उभ्या माणसाला वर बघा म्हणायला काय जातं? मी काठीला मिठी मारली आणि मान वर केली. खरं सांगतो, सुंदरच होतं. कड्यावर तिरक्या रेघांचे पट्टे एकावर एक रचलेले. सुमारे 18 कोटी वर्षांपूर्वी इथे वाळवंट होतं, त्यातल्या टेकड्यांवर वाऱ्याने चढवलेल्या वाळूच्या थरांच्या त्या रेघा. वाळूचा दगड झाला, त्यातल्या लोहाने त्याला तांबडं केलं, मग ही नदी आली आणि दगडाची पुन्हा वाळू करू लागली. हा सगळा उद्योग कशासाठी, असा विचार करत होतो, तोच तिच्यातली मूठभर वाळू माझ्या मोज्यात शिरली आणि मी खाली बघितलं. पुढचा तासभर खालीच.

समोरून परतणारे लोक ही आणखी एक जमात. सगळे ओलेचिंब आणि सगळे हसतमुख. “अजून किती?” विचारलं की म्हणायचे, “पुढचं वळण, बस!” त्या घळीत वळणांशिवाय दुसरं काहीही नाही. परवान्याशिवाय खालच्या बाजूने बिग स्प्रिंगपर्यंतच जाता येतं, म्हणजे बसथांब्यापासून 8 किलोमीटर. उद्यानाचा हा नियम मला अत्यंत पुरोगामी वाटला, आणि त्याच्या बऱ्याच अलीकडे थांबून मी त्याला आगाऊ पाठिंबा दिला.

परतताना बसमध्ये साडूभाऊ मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते. म्हटलं, फोटो बघत असतील. ते एंजल्स लँडिंगचा अर्ज भरत होते. हा त्याच उद्यानातला कडा. शेवटच्या अरुंद धारेवरून साखळी धरून चढायचं, दोन्ही बाजूंना दरी. 2022 पासून तिथे सोडतीने परवाना देतात.

“तुमचंही नाव घातलंय,” ते म्हणाले. “पाण्यात नाही हो जायचं, अगदी कोरडं आहे.”

वेळेच्या रकान्यात त्यांनी ‘सकाळी 9 च्या आधी’ निवडलं होतं.