‘मग नाकात दही घालायचं का?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

नाकात राहणारे काही जंतू आपल्याला उपयोगी पडतात, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत: “जंतू म्हणजे जंतू, त्यात चांगले-वाईट कसले? तुमच्यासारख्यांमुळेच प्रोबायोटिकवाल्यांची दुकानं चालतात. मग नाकात दही घालायचं का?” मतभेद असू द्या, पण ‘तुमच्यासारख्यांमुळे’ कशासाठी? वीस वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आहे. हा सूर वर्गात चालवून घेत नाही, इथेही घेणार नाही.

एक चूक कबूल. स्टॅफिलोकॉकस लुगडुनेन्सिस हा जंतू ‘बहुतेकांच्या’ नाकात असतो, असं मी लिहून गेले. तो दहातल्या एखाद्याकडेच सापडतो. दुरुस्ती केली आहे.

आता ‘जंतू म्हणजे जंतू’. जर्मनीतल्या ट्यूबिंगेनच्या संशोधकांनी १८७ रुग्णांच्या नाकातले नमुने तपासले. निष्कर्ष २०१६ साली आले. लुगडुनेन्सिस नसलेल्या १७० जणांपैकी ५९ जणांकडे स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा गंभीर संसर्ग करू शकणारा जंतू होता. लुगडुनेन्सिस असलेल्या १७ जणांत फक्त एकाकडे. लुगडुनेन्सिस ‘लुगडुनिन’ नावाचं प्रतिजैविक स्वतःच तयार करतो आणि त्याने ऑरियस मरतो. पण हाच लुगडुनेन्सिस रक्तात शिरून हृदयाच्या झडपेवर बसला, तर झडप पोखरून काढतो. म्हणून ‘चांगला’ हा त्याचा स्वभाव नव्हे, नाकात राहून तो करत असलेलं काम आहे. मूळ लेखाचा दुसरा परिच्छेद याच मुद्द्यावर आहे. तो तुम्ही वाचलेला दिसत नाही.

नाकातल्याच कोरिनेबॅक्टेरियम अकोलेन्स या दुसऱ्या जंतूचंही तसंच. त्याला वाढायला ओलेइक आम्ल लागतं. ते तो लायपेज या विकराने स्निग्ध पदार्थांतून मोकळं करतो, आणि त्या आम्लात न्यूमोनियाचा न्यूमोकॉकस वाढू शकत नाही. प्रयोगशाळेतल्या बशीत हे स्पष्ट दिसतं. तो स्वतःचं पोट भरतो, त्यात आपला फायदा होतो.

म्हणूनच साध्या सर्दीला घरात उरलेलं अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक घेऊ नका, असं मी कळकळीने लिहिलं होतं. सर्दीच्या विषाणूला त्याने काहीच होत नाही. मरतात ते हे रहिवासी, आणि रिकाम्या जागी औषधाला न जुमानणारे जंतू पसरतात. डॉक्टरांनी न्यूमोनियासाठी दिलेला कोर्स मात्र पूर्ण घ्यायचाच.

दही नाकात घालू नका, ताटात घ्या. आणि दुकानांचं म्हणाल, तर व्हेंटिलेटरवरच्या २,६५० रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना लॅक्टोबॅसिलस हा प्रोबायोटिक म्हणून विकला जाणारा जंतू देऊनही त्यांच्यात न्यूमोनिया कमी झाला नाही, ही २०२१ ची चाचणी मीच लेखात दिली होती. गोळ्या खपवणारी बाई हे लिहील?

पुढची प्रतिक्रिया लेख शेवटपर्यंत वाचून द्या. उत्तर देईनच.