हिरवी जर्सी मैदानात हरली नव्हती

हिरव्या जर्सीतला साळगावकरचा फुटबॉल संघ राष्ट्रीय लीगमधून का गेला असं विचारलं की गोव्यात ठरलेली उत्तरं मिळतात. खाणी बंद पडल्या. पोरं मोबाइलला चिकटली. लोक घरबसल्या इंग्लंडचा फुटबॉल बघायला लागले. यात थोडंफार तथ्य आहेच, पण खरं कारण यातलं एकही नाही असं माझं ठाम मत आहे.

आधी हा संघ काय होता ते सांगतो, कारण आमच्या वास्कोतल्याच विशीतल्या मुलांना ते ठाऊक नाही. 1956 साली, गोव्यात पोर्तुगिजांचं राज्य असताना, खाण उद्योजक वासुदेव साळगावकरांनी हा संघ उभा केला. कोलकात्याच्या क्लबांपुढे तेव्हा गोव्याला कोण विचारत होतं? 1988 मध्ये फेडरेशन कप, म्हणजे देशभरातल्या क्लबांची स्पर्धा, जिंकणारा पहिला गोमंतकीय संघ साळगावकर. पुढच्याच वर्षी तो कप त्यांनी पुन्हा आणला. ब्रह्मानंद शंखवाळकर कित्येक वर्षं याच संघाचा गोलकीपर होता. ताळगावचा हा माणूस भारताचा कर्णधार झाला. फुटबॉल म्हणजे फक्त दक्षिण गोव्यातल्या सासष्टीचा खेळ असं मानणाऱ्या आमच्या घरातल्या म्हाताऱ्यांनीही ब्रह्मानंदचं नाव पेपरात शोधून वाचलेलं मी पाहिलंय.

मग 1998-99. राष्ट्रीय लीग सुरू होऊन तिसरा हंगाम. पहिल्या वर्षी जेसीटी, दुसऱ्या वर्षी मोहन बागान आणि तिसऱ्या वर्षी थेट आपला साळगावकर! शब्बीर अली प्रशिक्षक, आणि आघाडीला ब्रुनो कुतिन्हो. गोव्यात राष्ट्रीय लीगचा करंडक पहिल्यांदा आला तो याच संघामुळे. वास्कोच्या टिळक मैदानावरचे ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांना वेगळं सांगायला नको. ऊन कलायच्या आत जागा धरायची, कागदाच्या पुडीतले चणे संपेपर्यंत मॅच रंगात आलेली असायची. ब्रुनोच्या पायात चेंडू आला की स्टँडमधली अनोळखी माणसं एकमेकांचे खांदे धरून उभी राहायची. मॅच संपली की रस-ऑम्लेटच्या गाड्याभोवती दुसरी मॅच सुरू. कुणाला कुठे पास द्यायला हवा होता, हे तिथे रात्रीपर्यंत ठरत असे.

पण मला सगळ्यात जास्त अभिमान आहे तो नंतरच्या काळाचा. 2007-08 च्या आय-लीगमध्ये (राष्ट्रीय लीगचं हे नवं नाव) साळगावकर तळाला गेला आणि खालच्या विभागात ढकलला गेला. वाईट वाटलं, पण तक्रार नव्हती. हरलो म्हणून गेलो. 2009 मध्ये खालच्या विभागातून खेळून परत वर आले आणि 2010-11 मध्ये करीम बेंचरिफाच्या हाताखाली आय-लीगचे विजेते! जपानचा र्‍युजी सुएओका, ब्राझीलचा लुसियानो साब्रोसा, गोलमध्ये करणजीत सिंग. 2011 चा फेडरेशन कपही आपलाच. तीन वर्षांत तळातून शिखरावर. हे शक्य झालं, कारण वर चढायला शिडी होती.

त्या काळात गोव्याची काय ताकद होती बघा. 2006-07 ते 2012-13 असे सलग 7 हंगाम देशाचा विजेता गोव्याचा होता. धेंपो, चर्चिल, साळगावकर यांच्याबाहेर करंडक गेलाच नाही. 2011 च्या जनगणनेत जेमतेम साडेचौदा लाख भरलेलं हे राज्य! खाणी 2012 मध्ये बंद पडल्या आणि 2012-13 चा करंडक तरीही चर्चिलने आणला. पैशाची ओढाताण खरी होती, ती मी नाकारत नाही. पण ओढाताणीत संघ लहान होतो, स्वस्तातले खेळाडू घेतो, खाली जातो. राष्ट्रीय फुटबॉल सोडून देत नाही.

सोडावं लागलं ते 2016 मध्ये. भारतीय फुटबॉल महासंघाने नवा आराखडा मांडला. आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, ही देशातली पहिल्या दर्जाची लीग आणि आय-लीग तिच्याखाली. आय-लीग जिंकली तरी वर जायची वाट नाही. वरच्या लीगमध्ये बसायचं तर फ्रँचायझीचे पैसे मोजा. साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तिघांनी आय-लीगमधून अंग काढून घेतलं. धेंपोने तर त्याच वर्षी दुसऱ्या विभागात पहिला नंबर काढून वर यायचा हक्क मिळवला होता. जिंकून आलेल्या संघाला, तुमच्या जिंकण्याला आता किंमत नाही, असं सांगितलं गेलं!

दत्तराज साळगावकर आणि श्रीनिवास धेंपो सुरुवातीला आयएसएलमधल्या एफसी गोवा संघाच्या मालकांतही होते, हे मला माहीत आहे. म्हणजे नव्या लीगशी त्यांचं वैर नव्हतं. एफसी गोवावर माझंही प्रेम आहे, त्यांच्या मॅचला फातोर्ड्याच्या स्टेडियमवर मी जातो. पण शहरात एक मोठा संघ असणं वेगळं आणि चार संघांचे दरवाजे गावातल्या मुलाला उघडे असणं वेगळं. आमच्या वाड्यावरचा एक मुलगा एका क्लबच्या ज्युनिअर संघात होता. पहाटे साडेपाचला बूट खांद्याला लटकवून, त्यांच्या लेस एकमेकींना बांधून, तो सायकलने निघायचा. डावा पाय असा, की कॉर्नर घ्यायला मोठी मुलं त्याला हाक मारायची. आज तो बोटीवर नोकरीला आहे. पगार चांगला आहे, घर बांधलं. बॉल मात्र सुटला.

वरची वाट पुन्हा उघडायला 2023 उजाडलं. आय-लीग जिंकून आधी पंजाब आणि मग मोहम्मेडन आयएसएलमध्ये गेले. आणि ज्या लीगसाठी हे सगळं मोडलं, तिचा हंगाम 2025 मध्ये महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार संपत आल्यामुळे वेळेवर सुरूच होऊ शकला नाही. 2016 मध्ये आपल्या क्लबांनी जे प्रश्न विचारले होते ते तेव्हाच कुणी मनावर घ्यायला हवे होते.

धेंपो परत आला. खालच्या विभागातून खेळून 2024-25 च्या आय-लीगमध्ये उतरला. मग साळगावकरलाही तोच रस्ता मोकळा आहे. माझी क्लबला मनापासून विनंती आहे, राष्ट्रीय लीगमध्ये पुन्हा संघ उतरवा. परदेशी खेळाडू नकोत, मोठी नावं नकोत. वास्को, ताळगाव, डिचोली, पेडण्याची मुलं घ्या. पहिली दोन वर्षं हरू दे. तिकीट काढून बसायला आम्ही येतो.