नंबर नाही म्हणून ताप घरी काढायचा?

"ऑनलाइन नंबराशिवाय सरकारी दवाखान्यात कोणाला तपासत नाहीत, तो मिळेपर्यंत आठवडाभर पॅरासिटामॉल घेऊन घरीच थांबा, डॉक्टर भरपूर आहेत, पण सगळे खासगीत बसतात, लोक फुकट म्हणून उगाच गर्दी करतात," असा मजकूर सध्या सिंधुदुर्गात मोबाइलवरून फिरतो आहे. भाताच्या लावणीवरून परतलेल्या माझ्या मावशीने तो प्रमाण मानून अंगातला ताप लपवला, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

पहिला मुद्दा खोटा आहेच, शिवाय लावणीच्या दिवसांत जिवावर बेतणारा आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात सकाळी जाऊन केसपेपर काढता येतो. क्यूआर कोडवरून टोकन घेण्याची सोय काही रुग्णालयांत आहे, ती केसपेपरची रांग टाळण्यासाठी. उंदीर-गुरांच्या मुतातून मळ्यातल्या पाण्यात आलेले लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पायांच्या भेगांतून शरीरात शिरतात. आधी ताप, पोटऱ्यांत ठणका आणि लाल डोळे एवढेच दिसते, गोळीने ताप उतरतो, माणूस पुन्हा चिखलात उतरतो आणि दुखणे मात्र मूत्रपिंडे, यकृत किंवा फुफ्फुसे गाठते. सुरुवातीलाच डॉक्टरांनी दिलेले डॉक्सिसायक्लिनसारखे स्वस्त औषध येथे कामी येते. अशा तापात आठवडाभर थांबायला सांगणाऱ्याने कोकणातला पावसाळा पाहिलेला नसावा.

डॉक्टर भरपूर असल्याचे कोणी मोजले, कोण जाणे. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य सांख्यिकीनुसार देशातील ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत गरजेच्या तुलनेत ८३.२ टक्के शल्यचिकित्सक, ७४.२ टक्के स्त्रीरोगतज्ज्ञ आणि ८१.६ टक्के बालरोगतज्ज्ञ कमी होते. आकडे देशाचे असले, तरी तालुक्यातून गोव्यातल्या बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयाकडे धावणाऱ्या रुग्णवाहिका आपण पाहतोच. काही सरकारी डॉक्टर खासगी व्यवसाय न करण्याबद्दल मिळणारा व्यवसायरोध भत्ता घेऊनही संध्याकाळी खासगी दवाखाना चालवतात, हे मान्य करावे लागते. पण जे पद भरलेच गेलेले नाही, त्यावरचा डॉक्टर खासगीत तरी कुठून बसणार?

उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत निःशुल्क झाले, हे खरे. मात्र केसपेपरला पैसे पडत तेव्हाही रांगा होत्याच, आणि मजुरी बुडवून, एसटीचे भाडे भरून कोणी हौसेने रांगेत उभे राहत नाही.

ताप आल्यास लगेच आरोग्य केंद्र गाठावे आणि मळ्यात काम केल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. धाप लागली, लघवी कमी झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तर १०८ ला फोन करावा.